आरसा तेवढा राहू दे

डिचोली,
रविवार, दुपार

प्रिय सिद्धेश,

मेलमध्ये एवढं मोठं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की घरी सगळे ठणठणीत आहेत. आई-बाबा चोपड्याला मावशीकडे जेवायला गेले आहेत. मावशीने काल खाडीतली ताजी शेवटां मासळी ठेवते असं सांगितल्यावर आईला कोण थांबवणार! बाबा मात्र कुरकुरत गेले, आणि जाताना 'सांजे आदीं परततलों' असं तीनदा बजावून गेले. का ते तुला पुढे कळेल. मला आज मोपाच्या विमानतळावर ड्यूटी नाही, घर रिकामं आहे, लॅपटॉप मोकळा आहे, आणि मी बऱ्याच दिवसांपासून मनात घोळणारं एकदाचं लिहून टाकते आहे. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू वाचायच्या आधीच अंगठा दाखवला असतास. फोनवर सांगता येत नाही, कारण आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकरच. तेव्हा चहा करून घे, बस, आणि नीट वाच. पत्र बाबांविषयी आहे. लगेच तोंड वाकडं करू नकोस.

खाण बंद पडून बाबांनी ट्रक विकल्यापासून तुमच्या दोघांत जे काही बोलणं होतं त्याला बोलणं म्हणायचं का? 'बरो आसा?' 'आसा.' आणि फोन आईकडे. मग तू आईला विचारणार की बाबांच्या गुडघ्याचं कसं आहे, आणि बाबा शेजारी बसून आईला खुणेने विचारणार की तिकडे थंडी पडली का. मी मध्ये बसून दोघांची तोंडं बघते. तुझा राग मला ठाऊक आहे. कॉलेज सोडून तोच ट्रक दुसऱ्या राज्यातल्या खाणीवर न्यायचा, असं तू ठरवलं होतंस, आणि एक दिवस घरी येऊन बघतोस तर फणसाखालची जागा मोकळी. बाबांनी तुला विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्यांनी तसं का केलं ते त्यांनी मलाही कधी सांगितलेलं नाही, त्यामुळे त्यांची वकिली करायला मी बसलेली नाही. मी फक्त या वर्षभरात जे पाहिलं ते सांगते.

गेल्या चतुर्थीच्या आसपास तू मला तुझ्या त्या ट्रकच्या गेमचा फोटो पाठवला होतास, आठवतं? गोदामातल्या कामाला रविवारी सुट्टी असते, तेव्हा इथल्या दुपारी, म्हणजे तुमच्या गोव्यातल्या सांजेला, आम्ही दहा-पंधराजण ऑनलाइन ट्रक घेऊन निघतो, रांगेने डोंगर उतरतो, असं तू कौतुकाने लिहिलं होतंस. फोटोत तुझा ट्रक होता आणि त्याच्या कपाळावर तू आपल्या ट्रकवर होतं तसंच पिवळ्या अक्षरांत 'श्री सातेरी प्रसन्न' लिहिलं होतंस. मी तो फोटो बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, 'रंग बरो आसा. पूण कडेक तांबडी रेघ आशिल्ली.' एवढंच. मी म्हटलं, झालं, याच्यातही चूक काढली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पदेराकडून पावाचे उंडे घेऊन आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, 'तो गेम आमच्या ह्या लॅपटॉपार चलता गो?'

आता हा लॅपटॉप कुठला, तर मला कॉलेजात सरकारी योजनेतून मिळालेला. तू त्याला 'चूल' म्हणायचास, कारण मांडीवर ठेवला की चटके बसायचे. विंडोज त्याला पेलेना म्हणून मी कधीच त्याच्यावर हलकंसं लिनक्स घातलं होतं. मेल, माझे हिशेब, आईची भजनं, एवढ्याला तो धावतो. पण तुझा गेम विंडोजचा, त्यात ऑनलाइन, आणि या बिचाऱ्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मेमरी अगदी बेताची. 'नाही चालणार' असं मी सांगून टाकलं. बाबांनी वाद घातला नाही. फक्त रोज संध्याकाळी मी मोपाहून आले की माझ्यापुढे चहाचा कप आणि शेजारी लॅपटॉप ठेवायला लागले. माणसाने किती दिवस दगड होऊन राहायचं? बसले.

लिनक्सवर विंडोजचा गेम चालवायला वाईन नावाचं सॉफ्टवेअर लागतं, हे तुला माहीत असेल. बाबांना नाव सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघायला तू हवा होतास. मी त्यांना समजावलं की वाईन म्हणजे आपली आई. गेमला लिनक्सची भाषा येत नाही, लिनक्सला गेमची येत नाही. मध्ये वाईन उभं राहतं आणि याचं त्याला, त्याचं याला सांगतं. बाबा मान हलवत म्हणाले, 'म्हळ्यार खूब काम तिका.' मग त्यांच्या लक्षात आलं की मी काय बोलून गेले, आणि ते उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. आपल्याकडे आता गुरं नाहीत.

पहिले कित्येक दिवस नुसता काळा पडदा. मग खेळ सुरू करायची खिडकी उघडली, पण कोरी पांढरी. वाईनची आवृत्ती बदलली, तेव्हा खिडकीत अक्षरं आली. आत शिरलो तर नकाशा उघडतानाच सगळं गपकन बंद. मी इंटरनेटवर जगभरच्या लोकांचे सल्ले वाचत होते, एकेक ओळ टाइप करत होते आणि चिडत होते. बाबा शेजारी पाटावर बसून असायचे. कधी 'जालें?' म्हणून विचारलं नाही, उसासा टाकला नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, जाऊ दे बाबा, या मशिनीत जीवच नाही. तर ते म्हणाले की सारमानसच्या धक्क्याकडे जाताना लागणाऱ्या चढावर भरलेली गाडी अडली की शिव्या देऊन उपयोग नाही, वजन कमी करायचं. खरं म्हणजे मला तोच रस्ता धरायचा होता, पण माझा धीर सुटला होता. त्यांचा सुटला नव्हता.

मग आम्ही वजन उतरवायला बसलो. चित्राचा आकार निम्मा केला. सावल्या काढल्या. पाऊस काढला, ढग काढले. झाडं काढली, तेव्हा गेममधला सगळा युरोप उजाड लाल-तपकिरी दिसायला लागला आणि बाबा खूश झाले. म्हणाले, खाण चालू होती तेव्हा आमचा रस्ता असाच दिसायचा. लांबचं दिसायचं अंतर कमी केलं, म्हणजे मशिनीला दूरच्या गोष्टी रंगवाव्या लागत नाहीत. शेवटी राहिले आरसे. तुला ठाऊक असेल, ट्रकचे आरसे गेममध्ये सगळ्यात जड, कारण त्यांत मागचं जग पुन्हा रंगवावं लागतं. मी ते बंद करायला बोट पुढे केलं आणि बाबांनी माझा हात धरला. 'झाडां नाकात, पावस नाका, सावळी नाका. आरसो तितको रांवूं दी.' मी सांगितलं की त्याने चित्र अडखळेल. म्हणाले, अडखळू दे. मी म्हटलं, तुमच्या मागे आहे कोण? 'मागचो दिसूंक जाय,' दिसायलाच हवा, एवढंच. भांडून भांडून मी एक आरसा ठेवला, उजवीकडचा. मागच्या दारी विहिरीजवळ ते ज्या आरशात दाढी करतात ना, तो तू पाहिलेला नाहीस. तू गेल्यावर लावला. तो आपल्याच ट्रकचा आहे. गाडी न्यायला माणसं आली तेव्हा बाबांनी तिच्यापुढे नारळ फोडला, पाना आणला आणि तेवढा आरसा सोडवून घेतला.

आणि मग गेम चालला, सिद्धेश. चालला म्हणजे काय, अडखळत, धापा टाकत, पण चालला. ज्या माणसाने पंचवीस वर्षं दहा चाकांची टिपर चालवली त्याला कळफलकावर गाडी वळवताना बघणं फार कठीण होतं. पहिल्या दिवशी त्यांनी तो ट्रक गोदामाच्या फाटकालाच ठोकला. मी हसले, तेही हसले. मी माझ्या नेलपॉलिशने ब्रेक, हॉर्न आणि लाइटच्या कळांवर लाल ठिपके दिले. लॅपटॉप तापायचा, तर बाबांनी दोन करवंट्या घासूनपुसून उपड्या घातल्या आणि त्यांवर तो ठेवला, खालून वारा खेळायला. पंख्याचा आवाज चढला की ते गाडी रस्त्याच्या कडेला लावतात, इंजीन बंद करतात आणि 'निंवूं दी' म्हणून आपणही पाणी पितात. कळ दाबून न धरता टिचकीसारखी मारत गाडी सरळ ठेवायची युक्ती त्यांनी आपली आपण शोधून काढली. मला अजून जमत नाही. या वयात, या गुडघ्यांनी, अशा चुलीवर बसून हा माणूस पुन्हा पहिल्यापासून शिकला, आणि एकदाही 'पुरे' म्हणाला नाही. मला त्यांचा किती अभिमान वाटला ते इथे सरळ लिहूनच टाकते, तोंडावर काही मला सांगता येणार नाही.

आई सुरुवातीला बाबांच्या वयावरून करवादली. 'ह्या पिरायेर खेळपाची हौस पळय!' पण तुला गंमत सांगू? ती आता स्वयंपाकघरातून विचारते, 'पावले गो?', पोचले का म्हणून. बाबा खाणीवर असताना शेवटच्या ट्रिपच्या वेळी विचारायची तसंच. मी सांगते, अजून घाट उतरतायत. मग ती चहाचं आधण थांबवते. बाबांनी माल उतरवला आणि 'पावलों' म्हटलं की कप येतो. माझ्यासाठी तिने असा कधी चहा थांबवलेला नाही.

आपल्या राखणदाराचं वळण तुला आठवतं ना? सारमानसला उतरताना जिथे पहिल्यांदा नदी दिसते, तिथे आंब्याखाली वाट सांभाळणाऱ्या त्या देवाचा दगड. कुठलाही ड्रायव्हर तिथे हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नसे. एक लांब, दोन आखूड. तू बाबांबरोबर केबिनमध्ये बसायचास तेव्हा ते काम तुझं होतं. हात पुरत नसे तर बाबांच्या मांडीवर चढून वाजवायचास, आणि एकदा झोप लागली म्हणून वाजवायचा राहिला तर रडून परत मागे जायला लावलं होतंस. भरलेली गाडी मागे कशी नेणार? बाबांनी ती कडेला लावली आणि तुला खांद्यावर घेऊन वळणापर्यंत चालत गेले. तू तिथे उभा राहून तोंडाने हॉर्न दिलास. तर गेममध्ये एक मोठा घाट आहे, तो उतरताना एका वळणावर खाली नदी दिसते. पहिल्यांदा तिथे आल्यावर बाबांनी गाडी हळू केली आणि लाल ठिपका दाबला. एक लांब, दोन आखूड. मी म्हटलं, बाबा, हा युरोप आहे. तर म्हणाले, 'खंयचोय घाट आसूं, राखणदार आसताच.' तेव्हापासून एकदाही चुकवलेलं नाही.

आता जरा थांब आणि शिमग्यानंतर तू मला केलेला तो फोन आठव. आमच्या रांगेत एक विचित्र गडी आहे, असं तू सांगत होतास. नाव 'ड्रायव्हर' आणि पुढे कसलेसे आकडे. चॅटमध्ये कधी एक अक्षर लिहीत नाही. कायम सगळ्यांत शेवटी, माझ्या मागे. कधी ओव्हरटेक नाही, कधी ठोकर नाही. एकदा तुझा ट्रक घसरून खड्ड्यात गेला, बाकीचे निघून गेले आणि हा एकटा मागे दिवे लुकलुकवत थांबला, तू बाहेर निघेपर्यंत. आणि एका वळणावर उगाच हॉर्न देतो म्हणालास, ऐकला की कुठेतरी आधी ऐकल्यासारखा वाटतो. शेवटी तू शाबासकी दिल्यासारखा म्हणालास, 'ताई, ट्रक चलोवपी म्हळ्यार असो आसपाक जाय.' फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. बाबा समोर बसून नारळ सोलत होते. त्यांचा कोयता थांबला. मग ते उठले आणि बाहेर फणसाखाली, जिथे ट्रक लावायचे, तिथे जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून पाहिलं, पंच्याने तोंड पुसत होते. आत आले तेव्हा मला एवढंच म्हणाले, 'ताका सांगूं नाका.' मी कबूल केलं. आज मोडते आहे.

होय, ते बाबा आहेत. नाव काय घालायचं असं मी विचारलं तेव्हा 'नांव कित्याक? ड्रायव्हर बरय' म्हणाले होते. ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं, म्हणून मी पुढे आकडे लावले. तू तुझा गट सगळ्यांना खुला ठेवला होतास, त्यामुळे आत यायला परवानगी लागली नाही. ते शेवटी का राहतात ते तुला सांगते. पंधरा ट्रक एकदम रंगवायची या लॅपटॉपची ताकद नाही, गर्दीत शिरलं की चित्र गोठतं. दिसण्याचं अंतर मी इतकं कमी केलंय की त्यांना सबंध रस्त्यावर एकच ट्रक दिसतो. तुझा. तू वळलास की ते वळतात, तू थांबलास की ते थांबतात. तू एखाद्या रविवारी आला नाहीस तर तेही फाटकातून निघत नाहीत, थोडा वेळ बसतात आणि लॅपटॉप मिटून ठेवतात.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं आणि मीही तोंड मिटून बसले असते. पण गेमच्या कंपनीने जाहीर केलंय, तूही वाचलं असशील, की लबाडी करून खेळणाऱ्यांना पकडायला नवा पहारेकरी प्रोग्रॅम येतोय. तो फक्त खऱ्या विंडोजवरच बसतो. वाईनमधून आलेल्याला तो आत घेणार नाही. मी सगळीकडे विचारून पाहिलं, आडवाट नाही, आणि नवं विंडोज या लॅपटॉपवर बसत नाही. बाबांना म्हटलं, आपण दुसरा लॅपटॉप आणू. तर म्हणाले, 'नाका. बंद जातलें तें जातलें.' खाण बंद पडली तेव्हाही अगदी हेच म्हणाले होते, आणि मग ट्रक विकला, आणि त्यावरही काही बोलले नाहीत. आता पुन्हा तसंच होणार, सिद्धेश. नवा पहारेकरी या बुधवारी येतो. आजची फेरी त्यांची शेवटची. पुढच्या रविवारी तुझ्या मागे कुणी नसेल, तुला वाटेल कंटाळला असेल तो गडी, आणि इथे बाबा चहा घेऊन फणसाखाली जाऊन बसतील. म्हणून मी हे लिहिलं. आज तू चॅटमध्ये काही लिहू नकोस, बाबांना वाचायला वेळ लागतो. रोजच्यासारखा निघ. घाट उतरताना नदीचं ते वळण आलं की गाडी हळू कर, आणि आज त्यांच्या आधी हॉर्न तू दे. एक लांब, दोन आखूड. मग आरशात बघ, ते काय करतात. माल उतरवून झाला की आई स्वयंपाकघरातून विचारेल, 'पावले गो?' मी उत्तर देणार नाही. तुला फोन लावून, स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवून देते. तूच सांग त्यांना, पावलों म्हणून.

तुझीच,
गौरवीताई